आग्रह

संस्थेचं कार्यालय तारनाक्याला, एका बंगल्याच्या तळमजल्यावर होतं. राज्यांच्या सीमेवरच्या गावांनी मिळून काम करावं, म्हणून ती पैसे देत असे. नवं आर्थिक धोरण आलं त्या सुमारास आमचं वर्तमानपत्र बंद पडलं आणि मी आंध्रातल्या या शहरात मराठीचं काम पाहायला आलो. कार्यालयात मराठी बोलणारा मी एकटाच. बरकतपुऱ्यातल्या खोलीत रविवार एक शब्दही न बोलता जाई.

समोरच्या टेबलावर तेलुगूचं काम पाहणारे एक सहकारी बसत. आम्ही दखनीत, म्हणजे इथल्या उर्दूत बोलायचो. "सार, चाय?" "हौ." बहुतेक दिवस एवढंच.

त्या वर्षी एका ओढ्याचं काम होतं. एका काठावर महाराष्ट्रातलं गाव, दुसऱ्यावर आंध्रातलं. मधे बंधारा व्हायचा होता, पण पाण्यावरून जुनं भांडण होतं. दोन्ही गावांनी एकत्र बसून ठराव केला नाही, तर पैसे दुसरीकडे जाणार होते. मराठी गावाच्या महिला मंडळाच्या बाईंनी कळवलं, "आधी जेवण, मग ठराव. आमचा आग्रह आहे म्हणून सांगा त्यांना." मी ते सहकाऱ्यांना सांगितलं. त्यांनी पलीकडच्या सरपंचांना फोन केला.

बैठकीच्या दिवशी आम्ही दोघे गावात होतो. भाकरी आणि वांग्याची भाजी तयार होती. पलीकडच्या काठावर माणसं जमली, पण ओढा कोणी ओलांडेना. भाजी निवत चालली. शेवटी बाईच निघाल्या. आम्ही त्यांच्या मागे गेलो.

सरपंच तेलुगूत दोनच वाक्यं बोलले. बाईंना तेलुगू कळत होतं; त्या हसत माझ्याकडे वळल्या.

"काय हो साहेब, राग आलाय म्हणून कुणी जेवायला बोलावतं का?"

तेलुगूत आग्रहम म्हणजे राग.

"मैं तो वैसाच बोला, सार," सहकारी म्हणाले. "लफ्ज तो एकीच है ना?"

बाईंनी तेलुगूत काहीतरी सांगितलं. मला त्यातलं 'भाकरी' तेवढं कळलं. त्यांच्यातला एक म्हातारा हसला आणि चपला हातात घेऊन पाण्यात उतरला. मग बाकीचे उतरले.

पंगतीत बाई स्वतः वाढत होत्या. सहकाऱ्यांनी ताटावर हात आडवा धरला. बाईंनी तो बाजूला सारून भाकरी वाढली.

"पहिलं 'नको' आम्ही धरत नाही," त्या म्हणाल्या. "साहेब, त्यांना सांगा."

मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

ठराव झाला. निघताना बाई म्हणाल्या, "आता आमचं आम्ही बोलू. मधे कुणी नको." ते खरं झालं. पुढे बंधाऱ्याचं सगळं बोलणं ओढ्यावरच होऊ लागलं, हळूहळू इतर गावांचंही तसंच झालं, आणि माझ्या टेबलाची गरज संपली.

शेवटच्या दिवशी सहकारी माझ्यासोबत फाटकापर्यंत आले.

"सार, आज घर कू आओ, खाने कू. आग्रह है." थोडं थांबून म्हणाले, "तुम्हारावाला."

इतक्या वर्षांत या शहरात मला कोणी घरी बोलावलं नव्हतं.

"नक्को, कायकू तकलीफ," मी सवयीनं म्हणालो.

"अच्छा सार," ते म्हणाले आणि हात जोडून आत गेले.

मी जरा वेळ फाटकाशी थांबलो. मग बरकतपुऱ्याची बस धरली.