देवाच्या परातीतले ओरखडे
चिंचेने पितळ घासताना आंबूस वास नाकात गेला आणि परातीच्या तळाचे ते गोल ओरखडे चमकून वर आले. काही वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये दहा वर्षांची माझी लेक स्वतः जुळवलेला भोवरा घेऊन उभी होती. एका भोवऱ्याची धातूची चकती, दुसऱ्याचं टोक, दोरीऐवजी लाँचरने सोडायचा. सपाट टबात भोवरे लढवणारी पोरं हसत होती, "टबातून तुझा परत बाहेर उडणार! पोरींचं काम नाय हे, जा ना यार!" ती माझ्याकडे वळली, "आई, खोलगट काहीतरी दे गं." मी माळ्यावरून सोवळ्यातली परात काढून दिली, तिच्यात फक्त गणपतीच्या मोदकांची उकड मळायची. पितळेवर भोवरे खणाखण आपटले, एकेक आडवा झाला आणि शेवटी लेकीचाच तेवढा फिरत राहिला. आवाजाने सासूबाई बाहेर आल्या. "देवाची परात गो ती! कोणी काढली?" लेक माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी काढली. आणि जिंकले पण." सासूबाईंनी भोवरा कचऱ्यात टाकला, तरी मी तोंड उघडलं नाही. यंदा गणपतीसाठी मी परात घासताना बघून जाऊबाई म्हणाल्या, "किती ओरखडे! नवी आणूया ना." आज मात्र मी सासूबाईंसमोरच सांगितलं, "तेव्हा परात मी दिली होती. पुन्हाही दिली असती." कोणी काही बोलायच्या आत मी गरम उकड त्या ओरखड्यांवर ओतली आणि मळायला बसले.