अण्णांच्या कपावरचा पेपर

आमच्या आत्याने बावीस वर्षांत शेकडो माणसांना गाडी शिकवली, सगळ्यांना एकाच सुरात: "क्लच हळू सोडा, पायाखाली झुरळ नाहीये!" हा सूर मी इतका हुबेहूब काढते, की एकदा मागून ओरडले तर बाबांनी जिना उतरता उतरता ब्रेक मारला. तेही तिचेच विद्यार्थी.

तर ह्या आत्याने काल क्लासची गाडी मागे घेताना थेट चौकातल्या कारंज्यात घातली. गाडीला नुसता पोचा आला, आत्याचं मात्र नाक कापलं गेलं. आज पेपरात फोटो.

"दादा, ह्या किल्ल्या घे. क्लास बंद."

"अगं, चार वाजता शिवणवाल्या काकूंची परीक्षा आहे. चौथ्यांदा बसतायत बिचाऱ्या."

"त्यांना म्हणावं, पोहायला दुसरीकडे शिका."

बाबांनी माळ्यावरून कपबश्यांचं खोकं काढलं. गाव सोडताना अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, एकेक कप गावच्या पेपरात गुंडाळला होता. बाबांनी त्यातला सगळ्यात मोठा कप सोडवला आणि कागद माझ्या हातात दिला. मी लगेच बातम्यांचा आवाज लावला.

"'आग विझवायला निघालेला बंबच पेटला. टाकीत पाणी भरायचे राहून गेले होते. अखेर समोरच्या लॉन्ड्रीवाल्याने बादल्या ओतून बंब वाचवला. चालक सुखरूप.'"

"चालक म्हणजे आपले अण्णा?" आत्या उठूनच उभी राहिली. "मला 'आधी टाकी बघ, मग किल्ली फिरव' म्हणायचे, ते?"

"तेच. दुसऱ्या दिवशी बंब निघाला तर लोक ओरडायचे, 'बंब आला, पाणी आणा!' अण्णा खिडकीतून डोकं काढून म्हणायचे, 'आज भरलंय हो!' पुढे एकोणीस वर्षं चालवला त्यांनी तो. आणि ही बातमी इतकी वर्षं जपून शेवटी गुंडाळली कशाला, तर स्वतःच्या कपाला."

आत्याने कागदावर बोटं टेकवून मोजलं. "त्यांना तीन कॉलम? आणि मला दोनच?"

मग तिने त्याच कपातून चहा घेतला, कप विसळला, पुसला, आणि अण्णांच्या बातमीवरून आजचा पेपर गुंडाळला. फोटो बाहेरच्या बाजूला.

"राहू दे. पुढे कुणाला तरी लागेल," असं ती माझ्याकडे बघून का म्हणाली, कळलं नाही.

पावणेचारला खाली गाडी सुरू झाली. स्टिअरिंगवर काकू, शेजारी आत्या. बाबा खिडकीतून ओरडले, "गाडी आली, कारंजं हलवा!"

आत्याने काच खाली करून डोकं बाहेर काढलं. "आज आरशात बघतेय हो!"