अप्पांपाशी कोण बसणार?

अप्पांना लकवा झाला अन् त्यांची मराठी गेली. काही दिवसांनी बोलायला लागले, पण निव्वळ कन्नड, त्यांच्या लहानपणचं. आई उदगीरकडची, तिचं कन्नड बाजारापुरतं. नवरा पाणी मागायलाय का कूस बदल म्हणायलाय, तिला कळायचं नाही. एकटीला त्यांना उठवताही यायचं नाही. मग अप्पा रडायचे. जन्मभर दुकानात दणदणीत आवाजात बोललेला माणूस! कन्नड शाळेत शिकलेली मी एकटीच घरात, म्हणून बी.ए.चं शेवटचं वर्ष सोडायचं ठरवलं. ठरवलं मीच, अन् संतापही मलाच.

आमचं कमलनगर कर्नाटकात, अगदी सीमेवर. तिथल्या कॉलेजात मराठीचे सर लातूरकडचे होते. शेजारच्या काकूंना अप्पांपाशी बसवून मी शेवटचं म्हणून तासाला गेले, तर नेमकं आजाऱ्याची सेवा किती थोर ते चाललेलं. माझं डोकंच फिरलं.

"सर, थोर-बिर काही न्हाई," मी उभी राहून म्हणाले. "पाठ मोडते, झोप न्हाई, चिडचिड होते. उद्यापासून मी यायची न्हाई."

आता बोलणी खावी लागणार, असं वाटलं. सर पुस्तक मिटून घरी काय काय करावं लागतं ते विचारत बसले. मग वर्गाला म्हणाले, "कन्नड कुणाकुणाला येतं?"

अर्ध्याहून जास्त हात वर.

"मग ज्याचा तास रिकामा, तो अप्पांपाशी बसेल. ही तासाला येईल."

अन् खरंच यायला लागली की पोरं-पोरी! गल्लीतल्या एका म्हातारीनं नाक मुरडलं, "तरण्या पोरीच्या घरी पोरं कामून यायलेत गं?" आईनं ताडकन सुनावलं, "माझ्या नवऱ्याची बोली घेऊन यायलेत!" घरी पाण्याचा पेला न उचलणारा एक जण अप्पांची दाढी करून गेला. हनुवटीला कापलं, पण केली. रविवारी सर स्वतः यायचे. त्यांचं मोडकंतोडकं कन्नड ऐकून अप्पा खुदकन हसायचे. असा शिक्षक मी परत पाहिला नाही.

बाकीचे पेपर निभावले, कुणी ना कुणी मोकळं असायचं. मराठीचा पेपर मात्र सगळ्यांचाच. काकू गाणगापूरला गेलेल्या. अप्पांपाशी कोण बसणार?

"मी बसतो," सर म्हणाले. "माझ्याच विषयाचा पेपर, त्या दिवशी मला वर्गावर लक्ष ठेवायला बसवत नाहीत."

पेपर देऊन धावत घरी आले. सर अप्पांना भात भरवत होते. "इन्नू स्वल्प, अप्पा?" अजून थोडा, म्हणून विनवत होते. अप्पांनी तोंड फिरवलं, मग सरांकडं बघत राहिले. ओठ हलायला लागले. कपाळावर घाम आला.

"सर... तुमी... जेवलाव का?"

मराठीत! सरांच्या हातातला चमचा तसाच राहिला. त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. आई स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी. कित्येक महिन्यांत नवरा तिच्याशी तिच्या भाषेत बोलला नव्हता.

अप्पा तिच्याकडं वळले.

"वाढ की गं त्यांना. उभारलीस कामून?"