सोमवारपासूनची पांढरी रानमेथी

साल कोणतं, हे छातीठोक सांगणार नाही. आठवणीच्या बाबतीत माझा माझ्यावरच भरवसा नाही. पण फजिती मात्र देठासकट लक्षात आहे. ऐकाच!

पुण्याजवळच्या चिखलीत आमच्या सोसायटीमागे पत्र्याची एक शेड होती. तिच्या कडेला हिवाळ्यात रानमेथी उगवायची. या रानमेथीच्या दोन जाती, जणू बहिणीच: एक पिवळ्या फुलांची, बुटकी, दुसरी पांढऱ्या फुलांची, उंच. चाळीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण या भागात पांढरी कधी दिसली नव्हती. आणि त्या सकाळी समोर काय? पांढरी! एक नाही, अख्खी रांग!

मी तिथेच उकिडवा बसलो हो! जरा बुटकी वाटली, पण म्हटलं, जमीन हलकी असेल. तेवढ्यात शेडचे मालक नानाभाऊ बाहेर आले.

"सर, पाल्यात काय हरवलं?"

"नानाभाऊ, ही फुलं पांढरीच आहेत ना?" स्वतःच्या डोळ्यांवर तरी कुठे विश्वास!

"व्हय की. सोमवारपास्नं."

सोमवारपासून! म्हणजे फुलोऱ्याचा दिवससुद्धा मिळाला! मी लगेच वहीत लिहून घेतला आणि शैलजाला फोन लावला. माझी जुनी विद्यार्थिनी, आता विभागप्रमुख.

"शैलजा, पांढरी रानमेथी! या भागातली नवी नोंद! आजवर माझ्या नावावर एकही नाही गं!"

बिचारी दोन तासांत पुण्याहून अख्खा वर्ग घेऊन हजर. मी भाषण ठोकलं. शैलजा वाकली, एक फूल चिमटीत धरून हळूच चोळलं. बोट पांढरं, फूल पिवळं!

"सर... हा रंग आहे."

"मंग!" नानाभाऊ मागून म्हणाले. "पावडर कोटिंगची शेड हाय सर. लोखंडी पार्टला रंगाची पूड मारतो, उरलेली पूड पंखा भाईर फेकतो. उद्यापास्नं काळ्याची ऑर्डर हाय. काळी बघायला या!"

वर्ग खो-खो हसला. शैलजा हसली नाही, तेच जास्त लागलं.

पुढच्या हिवाळ्यात त्याच कडेला पुन्हा पांढरी! यंदा कमरेएवढी उंच, फुलंही टपोरी. पण मी आता शहाणा झालेलो ना! चोळूनसुद्धा पाहिलं नाही. हसत हसत पुढे गेलो.

बऱ्याच वर्षांनी शैलजाचा फोन आला. "सर, पांढरी रानमेथी खरंच सापडली होती. चिखलीत, तुमच्याच सोसायटीमागे, आपण फसलो त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात. नोंद भलत्याच्याच नावावर आहे."

मी घाईघाईने नानाभाऊंना फोन लावला. "त्या हिवाळ्यात कोणता रंग चालू होता हो?"

"कसला रंग सर? शेड तर आदल्या दिवाळीतच चाकणला हलवली. तुमी तर रोज तिथनंच फिरायचा की!"

फिरायचो ना. पण अख्खी शेड गेलेली कळायला मान वर करावी लागते!