मैत्रीच्या आडोशाला

वाचनालयात दोन वयस्कर मैत्रिणी एकच प्रेमकादंबरी मिळून वाचत होत्या. जिचे आधी वाचून होई, ती पान न उलटता दुसरीसाठी थांबे.

"अगं, इतकी वर्षं नुसता मित्र म्हणून घरी येतोय! बोलत का नाही हा मेला?"

"मैत्री तुटेल म्हणून घाबरतो गं."

"मग तिनं काय म्हातारी होईपर्यंत वाट बघायची?"

त्या हसल्या, मला हसू आले नाही. माझी महाविद्यालयापासूनची मैत्रीण सुमती. तिची मैत्री जपण्याच्या नावाखाली मी आजवर स्वतःची भीतीच जपली होती. इतक्या जुन्या मैत्रीला एक खरे वाक्य पेलणार नाही, असे मानणे हा त्या मैत्रीचाच अवमान नव्हे का?

बाहेर येऊन मी सुमतीला फोन केला.

"संध्याकाळी येतो. काही सांगायचे आहे."

"ये," ती म्हणाली, "पण या वेळी सांगितल्याशिवाय जायचं नाही."