राणीसरकारांनी दिलेलं बंदर

माझी बायको राणी आहे. लाडाने म्हणत नाही, खरंच आहे. दिवसभर ती चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवते आणि संध्याकाळी घरी आली की जेवणाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर राज्य करते. जुन्या काळच्या राज्यांचा तो गेम आहे. त्याचे आजवर चार भाग आले आणि चारही तिने कोळून प्यायलेत. भाजी चिरता चिरता ती म्हणते, "धान्य संपत आलंय, हिवाळा कसा निघायचा?" एकदा हे ऐकून शेजारीण बिचारी डबाभर पीठ घेऊन दारात उभी! मी बस चालवतो. मला एक गाडी सांभाळताना नाकी नऊ येतात, आणि ही बाई बेटं, तटबंद्या आणि घोडदळ सांभाळते.

हे वेड तिला आणि तिच्या धाकट्या भावाला एकदमच लागलं. लहानपणी एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसून दोघं पहिला भाग खेळले. पुढे तो नोकरीसाठी दूर गेला, तरी चौथ्या भागात दोघांची राज्यं शेजारी शेजारी, आणि दोघांत तह. रोज एक चाल हिची, एक त्याची.

मग त्यांची आई आजारी पडली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करायला हवं. भावाचा फोन लागेना, मी बसवर ड्युटीला, शेवटी हिने संमतीच्या कागदावर सही केली. आई काही वाचली नाही. "माझ्यासाठी थांबायचं होतंस," एवढं म्हणून मेहुण्याने हिच्याशी बोलणं टाकलं. फोन नाही, येणंजाणं नाही. पण गेममधली चाल त्याने कधी चुकवली नाही. अधूनमधून पडद्यावर विचारणा यायची, तह पुढे चालू ठेवायचा का? तो 'हो' दाबायचा. बहीणभावांत एवढंच उरलं होतं. ते 'हो' दिसलं की हिला दोन घास जास्त जायचे. मला त्याचा राग यायचा, पण तसं बोललो तर ही माझ्यावरच डाफरायची.

अशात कंपनीने जाहीर केलं की पाचवा भाग येतोय आणि चौथ्यातले सगळे चालू सामने बंद होणार. एरवी नवा भाग म्हटलं की हिचे पाय जमिनीवर नसतात. या वेळी तोंड उतरलं.

"नव्या भागात तो माझ्याबरोबर आलाच नाही तर?"

"अगं, फोन करून विचार ना."

"आणि त्याने उचललाच नाही तर?"



बंद व्हायच्या आदल्या रविवारी सकाळी ती नकाशापुढे बसली. त्याच्या किनाऱ्याला लागून हिचं एक बंदर होतं, आणि त्याचा त्यावर फार डोळा होता. "देऊन टाकते त्याला," ती म्हणाली. "न मागता दिलं की कळेल, माझ्या मनात काय आहे ते." तिने बटण दाबलं आणि किंचाळलीच. बंदर त्याचं झालं, पण आतली फौज बाहेर काढायची राहिली होती. दुसऱ्याच्या शहरात आपली फौज म्हणजे गेमच्या लेखी स्वारीच. तह मोडला. पडद्यावर ठळक अक्षरांत आलं, युद्ध.

मी कपाळाला हात लावला. ती टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. "आता तेवढंही गेलं," म्हणाली.

थोड्या वेळाने फोन वाजला. नाव बघून तिने तो माझ्याकडे सरकवला, मग मीच स्पीकर लावला.

"ताई, डोकं फिरलंय का तुझं?" मेहुणा ओरडत होता. "शहर देताना आधी सैन्य बाहेर काढतात! एवढंही कळू नये?"

"घाबरले होते रे. घाईत चुकलं."

"घाई कसली? मला विचारायचं होतंस!"

"कसं विचारणार होते?"

मेहुण्याचा आवाज एकदम खाली आला.

"ताई, त्या दिवशी सही करताना तुझ्याजवळ कोण होतं गं?"

"कुणी नव्हतं रे," ती म्हणाली. "मी एकटीच होते."