सोनिवलीच्या गच्चीवरची लायटिंगची पेटी

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मी कायम टर उडवत आलोय. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण लिहितो.

मी आणि माझा चुलतभाऊ दत्तादादा, दोघं दिवाळीला सोसायट्यांवर लायटिंग लावायचो. बदलापूर गावात आमची घरं समोरासमोर. लायटिंगचा पॉवर सप्लाय आणि कंट्रोलर उघड्यावर टिकत नाहीत, म्हणून ते पत्र्याच्या पेटीत बसवून पेटी गच्चीच्या भिंतीला ठोकायची. पेट्या उल्हासनगरहून यायच्या, रंग मारलेल्या. पेटीत उतरलेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची वायर त्या रंगावरच कसली तर ती नुसती शोभेला, कारण रंगातून करंट जात नाही. आधी स्क्रूखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करावा लागतो. दादा हे काम इतकं मन लावून करायचा की मी त्याला हसायचो.

दोन वर्षांपूर्वी सोनिवलीच्या एका सोसायटीत पेटी मी बसवली. घाई होती. रंग खरवडायला स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि परत ठेवला. वायर तशीच कसली, झाकण लावलं, पाणी जाऊ नये म्हणून कडेने सिलिकॉन भरलं. चार दिवसांनी अवकाळी पाऊस झाला. सकाळी दादा बघायला वर गेला, पेटीला हात लावला... मी तेव्हा जिन्यात होतो.

पंचनाम्यात शॉकचं कारण म्हणून पाऊस आला, ओली गच्ची आली. पेटी कोणी उघडली नाही. मी ती काढून आणली आणि माझ्या माळ्यावर टाकली. वहिनीसमोर गप्प बसलो. भित्रा होतो, दुसरं काय.

वहिनी मात्र सणावाराला जेवायला बोलवायची आणि मी अर्ध्या पानावरून उठायचो. शेवटी यंदा दसऱ्याच्या आधी, भर दुपारी, पेटी तिच्या ओटीवर नेऊन ठेवली.

"वहिनी, दादा पावसानं नाही गेला. माझ्यामुळे गेला."

"काय बोलताय भाऊजी?"

सगळं सांगितलं. मग तिच्यासमोर ब्लेडने सिलिकॉन कापलं. त्यावर माझं बोट फिरवलेलं तसंच दिसत होतं, कुठे चीर नव्हती. पाणी खालच्या वायरच्या भोकातून शिरलं असणार, कारण आत सगळं गंजलं होतं. अर्थिंगचा स्क्रू सोडवला.

खाली रंग नव्हता. रुपयाएवढा गोल खरवडलेला, पत्रा लखलखीत, त्यावर गंजाचा ठिपका नाही.

मी झाकण उलटून बघितलं. पेटी बदलली म्हणावं तर झाकणावर माझ्याच अक्षरात सोसायटीचं नाव.

वहिनी वाकून बघत होती. "खरवडलंय की हो."

"मी नव्हतं खरवडलं, वहिनी. शपथ."

"दोन वर्षं हे उरावर घेऊन फिरताय?" ती रडायला लागली. "यांना नसतं आवडलं. पुरे आता."

अर्थिंग नीट होतं तर दादा गेला कसा? आणि नव्हतं, तर बंद पेटीत ते नीट केलं कोणी? ओळखीच्या दोन इलेक्ट्रिशियनना विचारलं. दोघंही म्हणाले, तू विसरला असशील. मी विसरलेलो नाही. ती एकच गोष्ट मला रोज आठवते.

वहिनीने पेटी ठेवून घेतली. कोणी विषय काढला की ती झाकण उघडून दाखवते, सांगते, भाऊजींची काही चूक नव्हती. मी शेजारी बसून ऐकतो. पुरावा तिच्याकडे आहे, माझ्याकडे आठवणीशिवाय काहीच नाही.